पाटी तीच, मालक नवा

ब्रिटनमधल्या छोट्या गावात कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यावर वर्षानुवर्षांची तीच पाटी असते. आतले डॉक्टर ओळखीचे, काउंटरवरची बाई ओळखीची. तरीही तो दवाखाना आता त्या डॉक्टरांचा नसण्याचीच शक्यता अधिक. 2013 मध्ये तिथले साधारण 10 टक्के दवाखाने मोठ्या गटांच्या मालकीचे होते. 2021 पर्यंत हे प्रमाण जवळजवळ 60 टक्क्यांवर गेले. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या काँपिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटी, म्हणजे सीएमए, या संस्थेने सप्टेंबर 2023 मध्ये या व्यवसायाचा आढावा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिच्याकडे सुमारे 56 हजार प्रतिसाद आले. त्यांतले 11 हजारांच्या आसपास खुद्द या व्यवसायात काम करणाऱ्यांचे होते. एवढी माणसे लिहायला बसतात तेव्हा खदखद बरीच जुनी असते. पण रागाबरोबर गैरसमजही पसरले आहेत, आणि त्यांचा फटका बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला बसतो.

‘मालक बदलला असता तर आम्हाला कळलं असतं’

कळले नसते. या बाजारात सहा मोठे गट आहेत: आयव्हीसी एव्हिडेन्शिया, सीव्हीएस, लिनियस, मेडिव्हेट, पेट्स ॲट होम आणि व्हेटपार्टनर्स. यांतले चार गट दवाखाना विकत घेतल्यावर सहसा जुनेच नाव चालू ठेवतात. कारण उघड आहे. गावाचा विश्वास त्या नावावर असतो आणि खरेदीच्या किमतीत त्या विश्वासाचेही पैसे मोजलेले असतात. त्यामुळे एका डॉक्टरांचे दर पटले नाहीत म्हणून माणूस पुढच्या गल्लीतल्या दवाखान्यात जातो, तर तोही त्याच गटाचा निघू शकतो. दोन वेगळ्या पाट्या, दोन वेगळे रंग, पण नफा एकाच तिजोरीत.

गोष्ट दवाखान्यापाशी थांबत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ज्या रेफरल रुग्णालयात पाठवतात ते, रात्री-अपरात्री जिथे धावत जायचे ती इमर्जन्सी सेवा, औषधांचे ऑनलाइन दुकान आणि शेवटी प्राण्याचे दहन जिथे होते ते दहनगृहसुद्धा एकाच गटाकडे असू शकते. रात्रीची सेवा देणारी ‘व्हेट्स नाऊ’ आणि औषधे विकणारी ‘पेट ड्रग्ज ऑनलाइन’ या दोन्ही आयव्हीसीच्या. ‘ॲनिमेड डायरेक्ट’ सीव्हीएसची. प्रत्येक सेवा आपापल्या जागी चांगली असेलही. माझा आक्षेप वेगळा आहे. आजारी कुत्रा मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला ‘अमुक ठिकाणी न्या’ असे सांगितले जाते, तेव्हा सांगणारा आणि ते ठिकाण यांचा मालक एकच आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. दुसरे मत घ्यायला निघालेला माणूस नकळत त्याच घरात परत येतो.

‘कंपनी म्हणजे प्रायव्हेट इक्विटीच’

हे सरसकट खरे नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे. लिनियस 2018 पासून मार्स कंपनीकडे आहे. चॉकलेटवाली आणि पेडिग्री-व्हिस्कसवाली हीच ती मार्स. ती एका कुटुंबाच्या मालकीची आहे. अमेरिकेतली व्हीसीए ही दवाखान्यांची प्रचंड साखळीही तिने 2017 मध्ये घेतली. सीव्हीएसचे शेअर लंडनच्या बाजारात कुणालाही घेता येतात. पेट्स ॲट होमच्या अनेक दवाखान्यांत तिथला डॉक्टर स्वतः भागीदार असतो. प्रायव्हेट इक्विटीचा हात आहे तो मुख्यतः उरलेल्या तीन गटांत: आयव्हीसीमागे स्वीडनची ईक्यूटी, व्हेटपार्टनर्समागे बीसी पार्टनर्स आणि मेडिव्हेटमागे सीव्हीसी कॅपिटल पार्टनर्स.

प्रायव्हेट इक्विटीचे गणित समजून घेण्यासारखे आहे. असा फंड पेन्शन संस्था, विमा कंपन्या आणि श्रीमंत गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करतो, त्यात कर्ज घालतो आणि काही वर्षांत विकून बाहेर पडायच्या बेताने धंदा विकत घेतो. एकट्या दवाखान्याची किंमत त्याच्या वार्षिक नफ्याच्या काही पटीत ठरते. असे शेकडो दवाखाने एका छत्राखाली आले की त्याच नफ्याला बाजार कितीतरी जास्त पट देतो. म्हणजे दवाखान्यात काहीही न बदलता, नुसते गोळा केल्यानेच किंमत वाढते. खरेदीचा झपाटा एवढा का होता, याचे उत्तर इथे आहे. वर कर्जाचे व्याज असते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला वाढता नफा दाखवायचा असतो. हा दाब कुटुंबाच्या कंपनीवर किंवा भागीदार डॉक्टरवर याच स्वरूपात नसतो.

‘डॉक्टरच लुटतात’

हा गैरसमज मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. गटाच्या दवाखान्यातला डॉक्टर बहुधा पगारी नोकर असतो, आणि दरपत्रक त्याने ठरवलेले नसते. बिलावरून शिव्या मात्र त्याला आणि काउंटरवरच्या मुलीला खाव्या लागतात.

खर्च वाढण्याची खरी कारणेही आहेत. जे एमआरआय-सीटी स्कॅन पूर्वी कुणी सुचवले नसते, ते आज प्राण्यांसाठीही होतात. ब्रेक्झिटनंतर युरोपातून येणाऱ्या डॉक्टरांचा ओघ आटला, आणि नेमक्या त्याच सुमारास कोविडच्या टाळेबंदीत घरोघरी पिल्ले आली. शिवाय माणसांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा असलेल्या देशात उपचाराची पूर्ण किंमत लोकांना पहिल्यांदा दिसते ती जनावराच्याच बिलावर.

पण ही कारणे सांगून गटांना मोकळे सोडता येत नाही. सीएमएने ऑक्टोबर 2025 मध्ये तात्पुरते निष्कर्ष मांडले. त्यानुसार 2016 ते 2023 या काळात दर सरासरी 63 टक्क्यांनी वाढले, महागाईपेक्षा बऱ्याच वेगाने. आणि मोठ्या गटांत स्वतंत्र दवाखान्यांपेक्षा सरासरी 16.6 टक्के जास्त पैसे पडतात. डॉक्टरांची टंचाई आणि नवी यंत्रे स्वतंत्र दवाखान्यांच्याही वाट्याला आली होती. त्यामुळे हा फरक त्या कारणांच्या खात्यावर टाकता येणार नाही.

‘जुन्या डॉक्टरांनी लोभापायी विकले’

1999 पर्यंत दवाखान्याची मालकी पशुवैद्याकडेच असावी लागे. त्या वर्षी नियम सैल झाला आणि कंपन्यांनाही दवाखाने घेता येऊ लागले. साठीला आलेल्या डॉक्टरची आयुष्याची कमाई दवाखान्यातच अडकलेली असते. हाताखालच्या तरुण डॉक्टरवर शिक्षणाचे कर्ज असते. त्याला मालकीबरोबर येणारा हिशेब, नोकरभरती आणि चोवीस तासांच्या आपत्कालीन सेवेची जबाबदारी नको असते. गट रोख आणि जास्त किंमत देतो. त्या जागी बहुतेकांनी हेच केले असते.

‘आता आपल्या हातात काही नाही’

आहे, आणि पहिली गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांकडे लेखी प्रिस्क्रिप्शन मागून औषध बाहेरून घेण्याचा हक्क आहे. त्यासाठी शुल्क पडते. तरी संधिवातासारख्या कायमच्या औषधांवर ऑनलाइन खरेदीने वर्षाला 200 पौंड किंवा जास्त वाचू शकतात, असे सीएमए सांगते. अनेकांना हा हक्क ठाऊकच नसतो. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींनी तो जरूर वापरावा.

सीएमएच्या प्रस्तावांत प्रिस्क्रिप्शनच्या शुल्कावर 16 पौंडांची मर्यादा, दरपत्रक जाहीर करण्याची सक्ती, 500 पौंडांपेक्षा जास्त खर्चाच्या उपचाराचा लेखी अंदाज आणि दवाखाना कोणत्या गटाचा हे स्पष्ट दाखवण्याची अट होती. गट मोडून काढा असे त्यात कुठेही नव्हते. मला यातली मालकी दाखवण्याची अट सर्वांत मोलाची वाटते, कारण मालक कोण हे कळल्याशिवाय दरांची तुलना करून उपयोग नाही.

मूळ अडचण मात्र कायद्याची आहे. ब्रिटनचा व्हेटरनरी सर्जन्स ॲक्ट 1966 चा. तो डॉक्टर या व्यक्तीवर नियंत्रण ठेवतो, दवाखाना चालवणाऱ्या कंपनीवर नाही. दर्जाच्या तपासणीची योजना आहे, पण ऐच्छिक. चूक झाली तर नोंदणी डॉक्टरची जाते आणि कंपनी त्या चौकटीच्या बाहेर राहते. आपल्याकडचा 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदाही मुख्यतः डॉक्टरांच्या नोंदणीचा आणि शिक्षणाचा आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाय घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला याची झळ आज नाही. पण मुंबई-पुण्यात पाळीव प्राण्यांच्या साखळी दवाखान्यांच्या पाट्या दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्या मालकांविषयी आपला कायदा काय म्हणतो हे विचारण्याची वेळ खरेदी सुरू होण्याआधीची असते.