म्हणजे महाराष्ट्रच ना?

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत शेजाऱ्याशी ओळख निघाली की पुढचं बोलणं ठरलेलं असतं.

“गाव कोणतं?”
“सावरगाव. पांढुर्ण्याचं.”
“म्हणजे महाराष्ट्रच ना?”
“नाही, मध्य प्रदेश.”
“मग तुमची मराठी एवढी चांगली कशी?”

विचारणारा अडाणी नसतो. शाळेत रंगवलेला नकाशा त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, एवढंच. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. इथे राहिलं की असे पक्के बसलेले समज रोज भेटतात. कधी इतिहासाचे, कधी भाषेचे, कधी झाडाझुडपांचे आणि गुराढोरांचेही. त्यांतले काही आज सोडवून पाहू.

गैरसमज : पांढुर्णा-सौंसरची मराठी माणसं महाराष्ट्रातून येऊन इथे वसली.

वस्तुस्थिती : माणसं जागेवरच होती, हद्द हलली. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. 1853 मध्ये तिसरे रघूजी वारसाविना वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. 1950 मध्ये त्याचं नाव मध्य प्रदेश झालं, तरी राजधानी नागपूरच राहिली. ‘मध्य प्रदेशची राजधानी कोणती?’ या प्रश्नाला ‘नागपूर’ असं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला 1955 च्या परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे 8 जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. महाराष्ट्र राज्य तर 1 मे 1960 चं. आमच्या आजोबांनी घर बदललं नाही, शेत बदललं नाही, फक्त सरकारी कागदावरचा पत्ता बदलत गेला. शेवटचा बदल 5 ऑक्टोबर 2023 चा. त्या दिवशी छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला.

गैरसमज : नागपूर शहर भोसल्यांनी वसवलं.

वस्तुस्थिती : भोसल्यांनी ते वाढवलं. वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने, 1702 च्या सुमारास, नाग नदीकाठच्या बारा वस्त्या जोडून. आणि हा राजा कुठला? देवगडचा. त्याचा देवगड किल्ला आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तेव्हा ‘तुमचा भाग म्हणजे नागपूरचाच तुकडा’ असं कुणी म्हणालं, तर नागपूरच आमच्या बाजूच्या राजाने वसवलं, हे त्याला सांगायला हरकत नाही.

गैरसमज : ‘मले, तुले, जाऊन राह्यलो’ ही हिंदीने बिघडलेली मराठी.

वस्तुस्थिती : ही वऱ्हाडी-नागपुरी बोली. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या खंडात, 1905 मध्येच, मराठीच्या बोलींमध्ये तिची नोंद घेतली आहे. ‘मला’ऐवजी येणारा ‘ले’ हिंदीतून आला असता, तर खानदेशातल्या अहिराणीत तो कसा सापडला असता? ‘जाऊन राह्यलो’चा तोंडवळा ‘जा रहा हूँ’शी जुळतो, हे खरं. शेजार आहे, देवाणघेवाण होणारच. पण पुण्यातल्या मराठीतही ‘कागद’, ‘दुकान’ आणि ‘जमीन’ फारसीच्या वाटेनेच आले, तिला कुणी बिघडलेली म्हणत नाही. शिवाय मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ग्रंथ, म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकात वऱ्हाडातल्या रिद्धपूरला सिद्ध झाला. त्या काळी प्रमाण मराठीचं पीठ पुण्याला नव्हतं.

गैरसमज : गोटमार म्हणजे सावरगाव आणि पांढुर्ण्याचं पिढीजात वैर.

वस्तुस्थिती : श्रावण अमावास्येला पोळा. नागपूरला दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात. आमच्याकडे त्याच दिवशी जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. झेंडा तोडून आणेल तो जिंकला. मग झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. कारण विचाराल तर गोष्टी निरनिराळ्या. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत होता, मध्येच दोन्हीकडून दगड आले, ही एक. भोसल्यांच्या सैनिकांचा हा सराव होता, ही दुसरी. घटना म्हणून नोंद कशाचीच नाही, त्यामुळे ‘अमुक साली हे घडलं’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. वैर म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची माणसं त्याच बाजारात भाजी घेत असतात.

गैरसमज : गोट्याने फार तर खरचटतं.

वस्तुस्थिती : क्रिकेटचा चेंडू 160 ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्याच्यासमोर फलंदाज हेल्मेट घालून उभा राहतो. तेवढ्याच वजनाचा दगड सेकंदाला 25 मीटर वेगाने आला, तर त्याची ऊर्जा 50 जूल भरते. पाच किलोची पिशवी मीटरभर उंचीवरून डोक्यावर सोडावी, तेवढी. फरक असा की पिशवीचा मार पसरतो आणि दगडाचा एका टोकावर येतो. गोफणीने वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून तर गोफणीवर बंदी घालावी लागते. या खेळात दर वर्षी शेकडो जखमी होतात, माणसं दगावलीही आहेत. देवळातला अंगारा श्रद्धेने लावावा, पण डोक्याला मार बसून उलटी झाली किंवा गुंगी आली, तर आधी दवाखाना.

गैरसमज : पळसाला पानं तीनच.

वस्तुस्थिती : कुठेही गेलं तरी, अशी जोड देऊन म्हण वापरतो ती ठीक आहे. वनस्पतिशास्त्र मात्र वेगळा हिशेब मांडतं. नदीपात्रातल्या त्या झाडाची एक डहाळी हातात घ्या आणि कोवळी कळी कुठे फुटते ते पाहा. कळी फुटते ती पानाच्या बगलेत. पळसाच्या तीन ‘पानां’पैकी एकाच्याही बुडाशी ती दिसत नाही, तिघांचा मिळून जो लांब देठ असतो त्याच्या बुडाशी दिसते. याचा अर्थ ती तीन पानं नव्हेतच, एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. बेलाचंही तसंच. आणखी एक गंमत. 1757 ची लढाई जिथे झाली त्या बंगालमधल्या पलाशीचं, म्हणजे प्लासीचं नाव याच झाडावरून पडलं.

गैरसमज : लाल रंग पाहून बैल बिथरतो.

वस्तुस्थिती : मग पोळ्याला काय झालं असतं? शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग आणि भोवती वाजंत्री. गुरांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, माणसाच्या तीन प्रकारच्या. लाल आणि हिरवा यांतला फरक बैलाला नीट कळत नाही. स्पेनमधला बैल धावतो तो फडफडणाऱ्या कापडाच्या हालचालीवर.

गैरसमज : ‘क’ जीवनसत्त्वासाठी संत्र्यासारखं फळ नाही, रोज खाल्लं की सर्दी होत नाही.

वस्तुस्थिती : संत्र्याच्या गावाने हे सांगणं धंद्याला बरं नाही, तरी सांगतो. 100 ग्रॅम संत्र्यात साधारण 50 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असतं, पेरूत त्याच्या चौपट. ‘क’ जीवनसत्त्व नेमाने घेणाऱ्या सर्वसाधारण लोकांची सर्दी टळत नाही. अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा मोठ्यांची सर्दी जेमतेम 8 टक्के लवकर आटोपते, असं दिसलं. संत्रं खावं ते चवीसाठी.

गैरसमज : हिरवं संत्रं कच्चं, घरी ठेवलं की पिकेल.

वस्तुस्थिती : यातला पहिला भाग अर्धवट खरा, दुसरा साफ चूक. आमच्या बागांना दोन बहार. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे उतरतं, मृगाचं होळीच्या सुमाराला. साल नारिंगी व्हायला रात्री थंड लागतात, थंडीत सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि खालचा रंग वर येतो. ऑक्टोबरात रात्री ऊबदार असल्या, तर आत रस भरलेला, गोडी आलेली आणि साल मात्र हिरवीच, असं होतं. आंबा, केळं तोडल्यावर अढीत पिकतं. संत्रं झाडावरून उतरलं की त्याची गोडी तिथेच थांबते. वायू देऊन साल पिवळी करता येते, आतला रस त्याने गोड होत नाही. म्हणून आमच्याकडचा जाणता बागवान सांगतो, “सालटं काय पाह्यतं भाऊ, हातात घेऊन वजन पाय.” जे आकाराच्या मानाने जड, ते रसाळ.

नारिंगी रंगाला नाव दिलं ते याच फळाने. संस्कृत ‘नारङ्ग’ फारसीत आणि अरबीत गेला, तिथून स्पेनमार्गे युरोपात. इंग्रजांपर्यंत पोचेतो त्याचा ‘न’ गळला आणि ‘ऑरेंज’ उरलं.

तर गाडीतला तो शेजारी. आंबियाचे दिवस होते. पिशवीतलं एक हिरवट संत्रं मी त्याच्या हातावर ठेवलं. “कच्चं दिसतंय,” तो म्हणाला. सोला तर खरं, म्हटलं. साल सैल होती, चटकन सुटली. पहिली फोड त्याने जपून खाल्ली, दुसरी पटकन, तिसरी खिडकीबाहेर बघत. नरखेड मागे पडलं होतं. सगळं संपवून त्याने बोटं पुसली आणि खुशीत विचारलं,

“गोड आहे हो. नागपूरचंच ना?”