पाण्याची जमाबंदी

सरकारी खात्याने आपल्या ताब्यातील पाण्याचा हिशेब रयतेपुढे मांडावा, हे तत्त्व मान्य करणे सोपे आहे; परंतु महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने 2003-04 या वर्षापासून सुरू केलेल्या जललेखा अहवालांतील रकाने वाचताना, हे आकडे प्रथम कोणाच्या नजरेतून कागदावर उतरतात, या प्रश्नाने मला असे घेरले की अखेर गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील, गाढवी नदीवरील इटियाडोह धरण मी गाठले.

वाऱ्याने पाणी हेलकावत होते. मोजपट्टीवर लाट चढे, उतरे, आणि तिथे वाकून उभा असलेला चौकीदार पेन्सिल हाती धरून नुसता पाहत राही. "थांबा जी, पाणी बसू द्या," तो म्हणाला. लाटेचा माथा नव्हे, तळही नव्हे, तर दोहोंमधील स्थिर रेषा त्याने टिपली, आणि एवढी प्रतीक्षा कशासाठी, असे विचारता उत्तरला, "एका सेंटिमीटरात कोटी लिटर जाते जी." हिशेब अगदी बरोबर आहे: एक चौरस किलोमीटर जलपृष्ठावरील एक सेंटिमीटर थर म्हणजे एक कोटी लिटर पाणी, आणि हा जलाशय तर त्याहून कितीतरी विस्तीर्ण.

पुढे या वाचनावरून साठा काढतात, कालव्याचा विसर्ग, बाष्पीभवनाची घट आणि पाणीमागणीच्या नमुना सातच्या अर्जांवरील पाणीवापर त्यास जोडतात, आणि जमा, खर्च व शिल्लक दशलक्ष घनमीटरांत मांडतात. मेळ न बसल्यास उरलेला फरक गळतीच्या रकान्यात ढकलण्याचा मोह कोणत्याही दप्तरास होऊ शकतो. त्या मोहाविरुद्ध खरा पहारा त्या चौकीदाराच्या धीराचा आहे, यात मला तिळमात्र संशय नाही.

तथापि गोंदियाचे पाणी केवळ मोठ्या धरणांत नाही. कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेले तलाव मालगुजारी ही महसूल पद्धत संपुष्टात आली तेव्हा, 1950-51 च्या सुमारास, सरकारजमा झाले. गावाचे पाण्यावरील हक्क निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात नोंदवण्याची जुनी रीत 1966 च्या जमीन महसूल संहितेनेही कायम ठेवली. हक्क लिहिला गेला, पण साठा मात्र अलिखित राहिला. शंभर हेक्टरांपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. त्यांच्या काठावर मोजपट्टी रोवावी, वाचनाची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि उन्हाळी धानास पाणी द्यायचे की नाही हे ठरण्यापूर्वी 15 ऑक्टोबरचा साठा ग्रामसभेत वाचून दाखवावा, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. धरणावर एका सेंटिमीटराचा कोटी लिटरांनी जाब देणारे शासन बोडी-तलावाच्या काठी राहणाऱ्या धानउत्पादकास तेवढ्याच तपशिलाने उत्तर देण्यास बांधलेले आहे. कारण त्याचे रोवणे त्या मोजदादीवर अवलंबून असते.