उधारी लिहून ठेवा

रमजानमध्ये शेवया, खजूर, कापडाची विक्री वाढते, तशी उधारीही. ओळखीच्या गिऱ्हाइकाची उधारी लिहायला संकोच वाटतो. मग पैसे अडकतात, नातेही बिघडते. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, याच व्यवहाराबद्दल आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहावी, साक्षीदार ठेवावेत, असे ती सांगते. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे.

देशाचा कायदाही लेखी मुदत मानतो. 'उद्यम' नोंदणी असलेल्या लघुउद्योजकाने व्यापाऱ्याला माल दिला, तर २००६च्या कायद्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत.

जकातीचे अडीच टक्के काढताना दुकानातला माल आणि येणे मोजावेच लागते. त्याच बैठकीत उधारीची वहीही पूर्ण करा.