पंप वाढवा, उस्ताद

सकाळी ७:४०
बीडच्या बार्शी नाक्याजवळ पत्र्याची एक शेड आहे. शटर अर्धं वर गेलंय. आत बारक्या जमिनीवर पाणी शिंपडून झाडतोय. तरी धूळ उठतेच, आणि ती काळी असते. बारक्या हेल्पर. वय एकोणीस, गाव केज तालुक्यातलं, रोज चारशे रुपये. उस्तादांनी पन्नाशी ओलांडली आहे. तीस वर्षं डिझेल इंजिनाच्या कामात गेली. गॅरेजवर दोघांना याच नावांनी हाक मारतात, म्हणून इथेही तीच.

बाहेर पाच ट्रॅक्टर उभे आहेत. दसरा आठ दिवसांवर आलाय. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटक. मालकांचे कारखान्यांशी करार झालेत, मुकादमांनी उचल वाटलीय. आता वाटेत गाडी बंद पडून चालणार नाही. गॅरेजच्या कमाईचे हे दिवस.

८:०५
पहिला ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा. मालक चावी फिरवतो. इंजिन दोन आचके देतं आणि सुरू होतं. आधी पांढरा धूर, मग काळा. उस्ताद बॉनेटला हात लावत नाहीत. वारा कुठून येतोय ते बघून चार पावलं बाजूला होतात आणि धूर बघत राहतात. पांढरा म्हणजे डिझेल न पेटताच बाहेर येतंय. गार इंजिनात ते थोडा वेळ होतंच. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा गेल्या, मोठा खर्च. काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. दहा मिनिटांनी इंजिन गरम होतं. धूर काळाच राहतो.

बारक्या धुराच्या नळीच्या समोर उभा आहे. "बाजूला सर रे." उस्तादांना दोनदा सांगावं लागतं.

मालक म्हणतो, "उस्ताद, पंप जरा वाढवून द्या. मागल्या साली चढावर दमच धरंना."

पंप वाढवायचा म्हणजे डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून इंजिनात जास्त डिझेल सोडायचं. ओढ वाढते, धूरही वाढतो. पण नाक्यावर अजूनही काळा धूर सोडणारी गाडी ताकदीची समजतात.

"अगुदर हवा बघू," उस्ताद म्हणतात.

बारक्या विचारतो, "मालक, कोयते किती?"

"वीस."

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वीस जोड्या, त्यांची लेकरं, भांडीकुंडी, शेळ्या. सगळं दोन ट्रॉल्यांत.

९:२०
एअर फिल्टर जुन्या पद्धतीचा, तेलाच्या वाटीचा. हवा वाटीतल्या तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. बारक्यानं वाटी सोडवली. तेलाच्या जागी चिखल. दोन बोटं आत घातली तर तळ लागेना. वर्षभर कुणी उघडलेलाच नाही.

"नाक चोंदल्यावर पळता येतं का?" उस्ताद मालकाला विचारतात. मालक काही बोलत नाही.

बारक्या जाळी डिझेलमध्ये बुचकळून धुतो. हातमोजे नाहीत. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून चिरलीय. डिझेल कातडीचं तेल ओढून घेतं. रात्री खोबरेल लावतो म्हणाला. वाटीत नवं तेल भरलं. खर्च १४० रुपये.

१०:३०
टाकीच्या तळाला पाणी आहे, ती रिकामी करायची. डिझेल ओढायचा हातपंप खिळ्याला टांगलाय, त्याचा फुगा फाटलाय. बारक्या नळीचं एक टोक टाकीत सोडतो, दुसरं तोंडात धरून ओढतो. डिझेल येतं, तो थुंकतो, नळी कॅनमध्ये घालतो. उस्ताद आतून ओरडत बाहेर येतात.

त्यांचं ओरडणं रास्त आहे. पोटात गेलेल्या घोटापेक्षा ठसका लागून श्वासनळीत गेलेले चार थेंब वाईट. डिझेल पातळ असतं, फुप्फुसात पसरतं आणि आतून सूज आणतं. म्हणूनच रॉकेल-डिझेल प्यायलेल्या माणसाला ओकारी काढायला लावू नका, असं डॉक्टर सांगतात. बारक्या चूळ भरतो. पुढचा अर्धा तास तो पुन्हापुन्हा थुंकत असतो.

११:१५
आता नोझल. दिवसातलं सगळ्यात बारीक काम हेच.

बेंचवर नोझल तपासायचं यंत्र बसवलंय. डिझेलची छोटी डबी, हातानं दाबायचा लोखंडी दांडा, गोल घड्याळ. उस्ताद पहिला नोझल चढवतात, नट आवळतात, दांडा सावकाश खाली दाबतात. काटा शंभर ओलांडतो, दीडशे, पावणेदोनशे. मग कर्र असा आवाज आणि टोकातून डिझेलचं धुकं. इतकं बारीक की खालच्या कागदावर एकही थेंब दिसत नाही, कागद नुसता दमट होतो. "हा चांगला." दुसरा चढवतात. फवारा एका अंगाला जातो आणि आवाज थांबल्यावर टोकाशी एक थेंब लोंबत राहतो. तिसऱ्याचंही तेच.

उस्ताद तो थेंब कागदावर टिपून मालकाला दाखवतात. "ह्यो थेंब जळत न्हाई. त्याचीच काजळी हुती. नव्वद रुपये लिटरच्या वरचं डिझेल तुम्ही नळीतनं सोडून देताय."

बारक्या जवळून बघायला हात पुढे करतो. उस्ताद कोपरानं मागं ढकलतात. या दाबाचा फवारा कातडी फोडून आत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही. काही तासांनी बोट सुजतं, आतलं मांस मरायला लागतं, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं. एका ओळखीच्या मिस्त्रीचं बोट असंच गेलं, एवढंच उस्ताद सांगतात.

बारक्यानं नाकाला रुमाल बांधलाय. रुमालावर डिझेलचे ओले ठिपके दिसतात. रुमाल थेंब अडवतो, धूळ थोडी अडवतो. धुरातले अडीच मायक्रॉनच्या आतले कण त्यातून सरळ पार होतात. वायू तर होतातच.

दोन नवी टोकं आणली. ५५० चं एक, ११०० झाले.

दुपारी १२:२०
हायवेवरून एक नवा ट्रक येऊन थांबतो. ड्रायव्हरला डीईएफची बादली हवीय. ती शेजारच्या दुकानात मिळते. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा लागू झालं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. काजळी अडवायला जाळी आली, नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मोडायला युरियाचं पाणी, म्हणजेच डीईएफ, आलं. ट्रक निघतो तेव्हा नळीतून डोळ्यांना काहीच दिसत नाही.

ट्रॅक्टरांचे नियम वेगळे. तिथं २०२३ च्या जानेवारीपासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक नियम लागले. शेडबाहेरचे पाचही त्याच्या आधीचे आहेत. आणि ते अजून बरीच वर्षं चालतील, कारण उस्तादांसारखी माणसं ते चालू ठेवतात.

१:०५
लाइट गेली. छोटं पेट्रोल-रॉकेलचं जनरेटर आहे. बारक्या ते शेडच्या तोंडाशीच सुरू करायला निघतो. उस्ताद त्याला ते ओढत मागच्या भिंतीपलीकडं न्यायला लावतात. वायर लांब पडते, जोड द्यावा लागतो, पंधरा मिनिटं जातात.

बंद जागेत हे यंत्र डिझेलच्या धुरापेक्षाही लवकर माणूस मारतं. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप यायला लागते. उन्हामुळं झालं असेल असं वाटतं, आणि माणूस सावली म्हणून त्याच शेडमध्ये आडवा होतो.

२:००
हात धुवायला लाकडाचा भुसा आणि निरमा. तीन वेळा चोळले तरी नखांखालची रेघ काळीच. भाकरी, पिठलं, ठेचा. बारक्या डबा उघडण्याआधी खाकरून बाहेर थुंकतो. थुंकी करडी आहे. सीझनमध्ये असंच असतं म्हणतो, सुट्टीला घरी गेलं की चार दिवसांत साफ होतं.

उस्तादांचं चार दिवसांत साफ होत नाही. शर्टाच्या खिशात श्वासाचा पंप असतो. दोन वर्षांपूर्वी अंबाजोगाईला नळीत फुंकायला लावून तपासणी झाली. बिडी ओढता का, डॉक्टरांनी विचारलं. कधीच नाही. मग धंदा काय? धंदा सांगितल्यावर डॉक्टरांनी पुढचं विचारलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ साली डिझेलच्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं होतं. जून २०१२ मध्ये 'बहुधा' काढून टाकलं. त्यामागं जे पुरावे होते त्यांत अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या १२ हजारांवर कामगारांचा अभ्यास होता. त्या खाणींत जमिनीखाली डिझेलची यंत्रं चालायची. सगळ्यात जास्त धूर खाल्लेल्या कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला. पत्र्याची शेड म्हणजे खाण नाही, तिला दोन बाजूंनी वारा आहे. पण इथला माणूस नळीपासून हातभर अंतरावर वाकून काम करतो, आणि त्याच्या नावावर कुठलीच नोंद नाही.

जेवताना कळतं, बारक्याचे आई-बाप शनिवारी निघणार आहेत. सांगलीकडं. ट्रॅक्टर दुसऱ्या मालकाचा.

"आईला म्हणावं मागल्या ट्रॉलीत बस, त्यातबी मागल्या अंगाला," उस्ताद सांगतात. "पुढं नळीचा धूर तोंडावर येतो."

"मागं धूळ लई असती, उस्ताद."

३:३०
नोझल बसवले, डिझेलचे दोन फिल्टर बदलले, ३२० रुपये. टॅपेटमध्ये पातळ पट्टी सरकवून फट बघितली. मग एअर काढायचं काम. बारक्या इंजिनावरचा हातपंप दाबत राहतो, उस्ताद स्क्रू ढिला करून बघतात. फेस येतो, बुडबुडे येतात, मग नुसतं डिझेल. स्क्रू आवळला. मालकानं चावी फिरवली. एकदा पांढरा भपका, आणि पाच मिनिटांनी नळीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसते.

बारक्या हसतो. दिवसात पहिल्यांदा.

४:४५
मालकाचं गाव नेकनूरच्या बाजूला. ट्रॉल्यांत घराच्या बांधकामाची खडी आणि सिमेंट आहे. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बघू, असं ठरलं. उस्ताद मडगार्डवर, मी मागच्या ट्रॉलीत पोत्यांवर.

घाट सुरू झाला. मालकानं गिअर खाली घेतला. इंजिनाचा आवाज जड झाला. सपाटीला जी नळी साफ होती तिच्यातून आता करडा धूर यायला लागला. नळी बॉनेटवर उभी असते. धूर वर जातो, वळतो आणि ट्रॉल्यांवर उतरतो. वेग माणसाच्या चालीएवढा, त्यामुळं तो मागं पडत नाही, सोबतच चढतो. डोळे चुरचुरतात. घशाला धातूची चव येते. चढ संपेपर्यंत मी तोंड फिरवून बसलो, पण तोंड फिरवायला जागा कुठली? सांगली-कोल्हापूरला जाणाऱ्यांना अशा ट्रॉलीत रात्र काढावी लागते, कधी पुढचा दिवसही. मांडीवर लेकरू असतं. लेकराचा श्वास मोठ्या माणसापेक्षा भरभर चालतो.

५:३०
वर पोचल्यावर मालक उतरला. "काढला घाट. पण दम न्हाई, उस्ताद."

"काढला की. आजून काय पायजे?"

"तुमचं खरं हाय. पण तिकडं ऊस भरल्याली गाडी फडातल्या चिखलातनं काढायची अस्ती. अडकली तर खेप गेली. खेप गेली तर वीस कोयते बसून. मी त्यास्नी काय सांगू?"

उस्ताद उत्तर देत नाहीत. नळी, मग ट्रॉल्या, मग पुन्हा नळी बघतात. श्वासाचा पंप काढून दोन फुंका घेतात. नऊ नंबरचा पाना मागतात. पंपाच्या स्क्रूचं सील केव्हाच तुटलेलं आहे. नट सैल करून ते स्क्रू अर्धा आटा फिरवतात. "रेस कर." नळीतून काळा भपका. स्क्रू परत मागं घेतात. पुन्हा रेस, पुन्हा थोडा मागं. चौथ्यांदा धूर काळा न राहता गडद करडा होतो. तिथं ते नट आवळतात.

"याच्या वर कुणाकडनं वाढवून घेऊ नका. आन् ती वाटी दर पंधरा दिवसाला धुवा. फडात धूळ लई."

मालक मान हलवतो. तो वाटी धुईल की नाही, मला सांगता येणार नाही. उस्तादांनाही नाही.

७:१५
काळी-पिवळीनं नाक्यावर परत. बारक्यानं तोवर दुसऱ्या ट्रॅक्टरचा फिल्टर काढून ठेवलाय. उस्ताद वही उघडतात. नोझल ११००, फिल्टर ३२०, तेल १४०, मजुरी १५००. एकूण ३०६०. मालकानं घाटावरूनच फोनवर दोन हजार टाकले. बाकी १०६० पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद होऊन टोळी परत आल्यावर. वहीत अशा बाक्यांची पानं आहेत, काही मागच्या सालच्या.

बारक्याला चारशे मिळतात. तो जात नाही, शटरशी उभा राहतो. शनिवारची सुट्टी पाहिजे म्हणतो, आई-बापाला सोडायला जायचंय.

"त्यांच्या मालकाला म्हणावं शुक्रवारीच गाडी आण. फिल्टर धुवायचे न् नोझल बघायचे पैशे घेत न्हाई मी," उस्ताद म्हणतात. "तेल तेवढं त्यानं आणावं."