फिरत्या कळपाचा हक्क कोणत्या कागदावर?
लेखमाला : गायरान आणि गुराखी, भाग ४

मागच्या भागात मेंढपाळांच्या वाड्याचं, म्हणजे कळपासह फिरणाऱ्या कुटुंबांच्या तळाचं, वर्षभराचं फिरणं पाहिलं. आज त्या फिरण्याच्या पायाखालच्या जमिनीकडे वळू.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार सरकारी जमिनीतून गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवता येते. हेच आपलं गायरान. लगेच पुढचं कलम २३ सांगतं की तिथल्या चराईचा हक्क त्या गावाच्या, किंवा ज्या गावांना ती जमीन नेमून दिली आहे त्या गावांच्या गुरांपुरताच आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या माळावरून एखादा वाडा कळमनुरीकडे निघाला, तर तो या वाक्यात कुठेच बसत नाही. हक्क आहे तो त्याच्या स्वतःच्या गावात, आणि पावसाळा सरला की तिथलं गवत संपतं. नंतरचे महिने तो ज्या शिवारांतून जातो, तिथे त्याला थांबू देणं ही लोकांची मर्जी. कायदा स्थिर गाव गृहीत धरून लिहिला गेला, आणि फिरस्तीवर जगणारा माणूस त्यातून सुटून गेला.

पैनगंगेच्या पलीकडे, वाशीम-यवतमाळच्या बाजूला, याच अधिनियमात वेगळी सोय आहे. विदर्भासाठी निस्तारपत्रकाची तरतूद आहे. गावच्या पडीक जमिनीवर कोणी, कशा अटींवर जनावरं चारायची, हे त्यात लिहून ठेवता येतं. स्वतःच्या गावात जमीन अपुरी असेल तर शेजारच्या गावात चराईचा हक्क देण्याचीही वाट त्यात आहे. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून, १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्याखालून आला. आपल्याकडे ही लेखी परंपरा आलीच नाही. एका नदीच्या दोन काठांवरच्या मेंढपाळांना दोन वेगळे न्याय का, हा प्रश्न विधानसभेत विचारण्याजोगा आहे.

कागद नव्हता तरी व्यवहार मात्र पक्का होता. सुगी झाली की शेतकरी मेंढरं रानात बसवायला बोलवायचा. वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून कळप रात्रभर एका जागी बसवला की लेंड्या आणि मूत थेट मातीत जायचं, दुसऱ्या रात्री जागा बदलायची. बदल्यात धान्य किंवा पैसे. ज्वारीची धसकटं, बांधावरचं गवत, बाभळीच्या शेंगा यांवर दख्खनी मेंढी तग धरते, म्हणून दोघांचंही भागायचं. आता जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीन पसरलं आहे. काढणीनंतर त्याच्या रानात मेंढीला फारसं काही उरत नाही. वसमत भागात हळद आहे, आणि ती आठ-नऊ महिने रान अडवून बसते. येलदरी-सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांच्या पाण्याने जिथे रब्बी साधली, तिथे मोकळं रान आणखी आक्रसलं. तणनाशकाने बांधही उघडे पडले. खाजगी रानातला चारा असा घटल्यामुळे सगळा भार गायरानावर आला, आणि गायरान तर आधीच लहान झालेलं.

ते लहान का झालं, याचं उत्तर देताना फार जपून बोललं पाहिजे. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांत भूमिहीन दलित आणि भटके-विमुक्त मोठ्या संख्येने आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचा वारसा त्यांच्यामागे आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे, आणि आजही अनेकांच्या हाती सातबारा नाही. मेंढपाळ आणि हा कसणारा यांना एकमेकांसमोर उभं करणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. दोघांनाही जमीन नाकारली गेली, म्हणून दोघेही एकाच तुकड्यावर आले. गायरानावर बांधलेली दुकानं, गोदामं आणि धनिकांची घरं यांची गोष्ट निराळी, तिथे दया दाखवण्याचं कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २०११ मध्ये गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. त्यानंतर महाराष्ट्राने अधिनियमात कलम २२-अ घातलं. त्यानुसार दुसरी जागाच नसेल तर सार्वजनिक प्रकल्पासाठी गायरान देता येतं; इतर प्रकल्पांना मात्र त्याच्या दुप्पट जमीन परत द्यावी लागते. आता सौर कृषिवाहिनी योजनेच्या प्रकल्पांसाठीही गायरानं मागितली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. पण गावाने ठराव करण्याआधी तिथे किती जनावरं चरतात, बाहेरचे कोणते कळप कोणत्या महिन्यात येतात, हे मोजलं जायला हवं.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(ड) मात्र फिरत्या पशुपालकांची हंगामी चराई स्पष्टपणे मान्य करतं. पण तो कायदा वनजमिनीचा, आणि धनगर अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. आयुष्यभर पालात राहणाऱ्याने वास्तव्याचा पुरावा आणायचा कुठून?

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्ताने वाचकांना एक विनंती आहे. तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावच्या गायरानाचे गट नंबर आणि क्षेत्र लिहून घ्या. पुढच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवा, आणि दरवर्षी येणाऱ्या वाड्यांचा मार्ग, मुक्काम आणि पाणवठा ठरावात नोंदवून घ्या. त्या सभेला मेंढपाळांनाही बोलवा.