मागाचा स्पीड वाढवला, कापड वाढलं का? भिवंडीच्या कारखान्यातून प्रयोगरचना

पेट किंवा नेटची तयारी करताना आपण गृहीतक, नियंत्रण गट, बाह्य चल या व्याख्या पाठ करतो. पण पुढे स्वतःचा प्रयोग आखायची वेळ आली की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. म्हणून आज एक साधं उदाहरण घेऊ. यात प्रयोगशाळा नाही, महागडं उपकरण नाही. आहे तो भिवंडीतला जुना यंत्रमाग आणि तो दुरुस्त करणारा मिस्त्री.

भिवंडीत साधे, धोट्याचे माग आजही मोठ्या संख्येने चालतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं बरंच विणकाम अशा यंत्रमागांकडे वळलं. यातले कित्येक कारखाने घराला लागूनच असतात. माग जुना झाला म्हणून कोणी लगेच भंगारात काढत नाही. पिकर झिजला, बदला. पिकिंग स्टिक मोडली, नवी लावा. मिस्त्री दुरुस्ती करता करता सुधारणाही करतो. त्यातली नेहमीची एक म्हणजे मोटरच्या शाफ्टवरची पुली थोडी मोठी बसवायची. माग जोरात चालतो. मालक म्हणतो, "आता कापड जास्त निघेल."

निघेल का? हा आपला संशोधन प्रश्न. मात्र या रूपात तो अजून तपासता येत नाही.

आधी हिशेब करा

समजा माग मिनिटाला १२० पिक मारतो, म्हणजे धोटा १२० वेळा आरपार जातो. कापडात इंचाला ४८ पिक आहेत. मग मिनिटाला अडीच इंच कापड विणलं जातं. १२ तासांच्या पाळीत झाले १८०० इंच, म्हणजे सुमारे ४५.७ मीटर. पण माग सलग चालत नाही. ताण्याचा धागा तुटतो, कांडी संपते, वीज जाते. समजा माग ७० टक्के वेळच चालू असतो. प्रत्यक्षात हाती आले ३२ मीटर.

आता स्पीड १० टक्क्यांनी वाढवून १३२ केला. धोट्याला तेवढंच अंतर कमी वेळात कापायचं आहे, म्हणून त्याचा वेगही साधारण १० टक्के वाढतो. गतिज ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.१ चा वर्ग १.२१, म्हणजे ऊर्जा २१ टक्के वाढली. ४०० ग्रॅमचा धोटा सेकंदाला १२ मीटर वेगाने जात असेल, तर आधी २८.८ ज्यूल ऊर्जा होती, आता जवळपास ३४.८. ही ऊर्जा प्रत्येक फेरीत पिकिंग स्टिक देते आणि समोरची पेटी झेलते. म्हणून पिकर लवकर झिजतात, आवाज वाढतो, ताण्यावर जास्त ताण येतो आणि धागे तुटतात. धागा तुटला की माग थांबतो.

म्हणजे स्पीड वाढला, पण चालू राहण्याची टक्केवारी घसरू शकते. किती घसरली तर फायदा शून्य? १२० गुणिले ०.७० म्हणजे ८४. ८४ भागिले १३२ म्हणजे ०.६३६. चालू वेळ ६३.६ टक्क्यांच्या खाली गेला, तर पुली बदलून नुकसानच झालं. ६२ टक्के धरून बघा, कापड भरतं ३१.२ मीटर.

आता प्रश्न तपासण्याजोगा झाला: स्पीड १३२ केल्यावर माग ६३.६ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ चालतो का? निकाल काय आला तर "नाही" म्हणायचं, हे प्रयोगाआधीच ठरलं. मुलाखतीत गाईड सर-मॅडम "तुमचं गृहीतक चूक कधी ठरेल?" असं विचारतात, तेव्हा त्यांना हाच आकडा हवा असतो.

पावसाळा तुम्हाला फसवेल

समजा तुम्ही मे महिन्यात जुन्या स्पीडची नोंद घेतली, जूनमध्ये पुली बदलली आणि जुलैत नवी नोंद घेतली. धागे तुटायचे कमी झाले. पुलीचं यश? घाई करू नका. सुती धागा दमट हवेत जास्त मजबूत होतो. जुलैतल्या भिवंडीची हवा मे महिन्यापेक्षा किती दमट असते, हे सांगायला नको. व्हिस्कोसचं उलट, ओलाव्याने ते कमजोर होतं. म्हणजे त्याच कारखान्यात सूत बदललं तर निष्कर्षही उलटू शकतो. हवा हा इथला बाह्य चल. सायझिंग, धाग्याचा काउंट आणि माग कोण चालवतंय हे बाकीचे.

उपाय सोपा आहे. आठ माग असतील तर चिठ्ठ्या टाकून चार निवडा, त्यांचाच स्पीड वाढवा, बाकी चार तसेच ठेवा. दोन आठवड्यांनी अदलाबदल करा. हवा दोन्ही गटांना सारखीच मिळेल आणि प्रत्येक माग स्वतःशीच ताडून पाहता येईल. त्या काळात दुसरं काहीही बदलायचं नाही. माग किती वेळा आणि कशामुळे थांबला, हे पाळीगणिक वहीत लिहायचं. धागा तुटणं आणि वीज जाणं एकाच रकान्यात नको.

तोटा कोण सोसणार?

हा प्रश्न पाठ्यपुस्तकात शेवटच्या पानावर असतो. इथे तो पहिल्या दिवशी सोडवावा लागतो. कारागिराला बहुधा मीटरवर मजुरी मिळते. तुमच्या प्रयोगात माग जास्त थांबला तर तुमचा डेटा तयार होतो आणि त्याची मजुरी कापली जाते. म्हणून प्रयोगाच्या काळात त्याला किमान आधीच्या सरासरीएवढी मजुरी मिळेल, हे मालकाशी बोलून ठरवा. वाढलेला आवाजही त्याच्याच कानावर पडणार आहे, त्यामुळे ध्वनीची पातळी मोजा आणि तिचाही एक रकाना ठेवा. कारागीर "नको" म्हणाला तर तिथे प्रयोग करायचा नाही.

मिस्त्रीला नुसता माहिती देणारा समजू नका. "तुम्ही पुली बदलता तेव्हा आणखी काय काय बदलता?" असं विचारा. तो पिकिंगचा टायमिंगही लावत असेल, तर तुमचा एक बदल प्रत्यक्षात दोन बदल आहे. हे फक्त त्यालाच माहीत असतं.

सुधारणा म्हणजे स्पीडच, असंही नाही. बाणा तुटताच माग थांबवणारी यंत्रणा लँकेशायरमध्ये १८४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आली होती. १ एप्रिल २०१७ ला भिवंडीतच सुरू झालेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेतही साध्या मागांना असे भाग जोडण्यासाठी मदत होती. तिलाही हीच पद्धत लावा. उंबरठ्याचा आकडा मात्र नव्याने काढावा लागेल, कारण इथे फायदा मीटरमध्ये नाही, कमी झालेल्या दोषांमध्ये मोजायचा आहे.

आता तुमच्या विषयातला एखादा "यामुळे नक्की फायदा होतो" असा दावा घ्या. फायदा शून्य होईल तो आकडा काढा. तो निघत नसेल, तर काय मोजायचं हेच अजून ठरलेलं नाही. प्रस्ताव लिहिण्याआधी ते ठरवा.