डी.ए.पी. मधला ‘डाय’ म्हणजे काय?



लागणीच्या दिवसांत शिवारात गेलो की आम्हाला हटकून विचारणा होते, "साहेब, डी.ए.पी. मधला ‘डाय’ म्हणजे काय हो?" प्रश्न रसायनशास्त्राचा, पण उत्तर आपल्या खिशाशी जोडलेले आहे.

फॉस्फोरिक आम्लात हायड्रोजनचे तीन खुंट समजा. तिन्ही मोकळे करून तिथे दुसरे काही बांधता येते, म्हणून त्याला ‘ट्रायबेसिक’ म्हणजे तीन जागांचे आम्ल म्हणतात. एका खुंटाला अमोनिया बांधला की ‘मोनो’ (१२:६१:०), दोन खुंटांना बांधला की ‘डाय’ (१८:४६:०). डी.ए.पी.च्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद येते, ते असे.

हेच खुंट चुन्यानेही बांधले जातात. सुपर फॉस्फेटमधले मोनोकॅल्शियम पाण्यात सहज विरघळते, डायकॅल्शियम फार थोडे, आणि ट्रायकॅल्शियम जवळजवळ नाहीच. पैठण, गंगापूर, वैजापूरकडच्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या. तिथे फेकून दिलेले स्फुरद, मग ते डी.ए.पी.चे का असेना, हळूहळू तिसऱ्या खुंटापर्यंत बांधले जाते. पैसे तुमचे, अन् स्फुरद मातीत कुलूपबंद!

गंमत अशी की, कारखान्यात आपल्याला हेच हवे असते. रसात चुना घातला की रसातले स्फुरद चुन्याशी बांधले जाऊन गाळ खाली बसतो व रस निवळतो. तोच गाळ म्हणजे प्रेसमड. म्हणजे त्यात तुमच्याच रानातले स्फुरद असते.

तेव्हा एवढे करा :

१) स्फुरद वरून फोकू नका. लागणीच्या वेळी सरीत, टिपरीच्या खाली मातीआड द्या. डी.ए.पी. उघडे राहिले तर चुनखडीच्या रानात त्यातला अमोनियाही उडून जातो.

२) खत चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा प्रेसमडमध्ये मिसळून द्या. कुजताना निघणारी आम्ले बांधलेले स्फुरद थोडे सैल करतात. स्फुरद विरघळविणारे जिवाणूही याच कामाचे. ते मात्र रासायनिक खतात कालवू नका, शेणखतातून वेगळे द्या.

३) माती तपासून घ्या. स्फुरद भरपूर निघाले तर एखादी गोणी वाचेल.

गोण्या किती टाकल्या यापेक्षा मुळांना किती मिळाले, हे महत्त्वाचे. शंका असल्यास आपल्या गट कार्यालयात जरूर या.

— ऊस विकास विभाग